खडक लागेपर्यंत

ओढ्यावरच्या साकवाचा मधला खांब पडला, त्याचा आवाज गवंड्यानं अंथरुणात ऐकला. घरातल्या बाकीच्यांना वाटलं, ढग गडगडले. गवंडी मात्र डाव्या हातानं भिंत धरून उठून बसला आणि बायकोला म्हणाला, "खांब गेला."

लकव्याच्या झटक्यानंतर त्याची जीभ जड झाली होती. बायकोला ऐकू आलं, 'थांब जरा.' ती हातातलं भांडं घेऊन थांबली. "थांबले. काय हवंय?"

"खांब! खांब!" तो चिडून ओरडला, आणि ओरडण्यानं शब्द आणखीच बिघडला. शेवटी सून दारातून ओढ्याकडं बघून आली. "आत्याबाई, मामंजी बरोबर म्हणतायत. साकवाचा मधला खांब गेला. तुळया लोंबकळतायत."

तिथून वस्तीचे हाल सुरू झाले. वस्ती ओढ्याच्या अलीकडं, आणि जगायला लागतं ते सगळं पलीकडं. निम्मी शेतं पलीकडं, पिठाची गिरणी पलीकडं, शाळा, दवाखाना, मोटारीचा रस्ता पलीकडं. पूर ओसरल्यावर माणसं कमरेएवढ्या पाण्यातून डोक्यावर ओझी घेऊन जाऊ लागली. दूधवाला एकदा खांद्यावरच्या कॅनसकट घसरला आणि ओढा वळणापर्यंत पांढरा झाला. गरोदर बायका आणि म्हातारी माणसं तीन कोसांचा वळसा घ्यायची. आठवड्यातून दोनदा येणारी नर्सबाई पलीकडच्या काठावरूनच हाक मारायची, "ताप कुणाला आहे का?" इकडून कुणीतरी ओरडून सांगायचं, मग ती गोळ्यांची पुडी दगडाला बांधून भिरकवायची. निम्म्या पुड्या पाण्यात जायच्या. कचेरीत अर्ज गेला. तिथून उत्तर आलं, पुढच्या वर्षी विचार करू.

हे सगळं गवंडी ओसरीवरून बघत होता. चाळीस वर्षं त्यानं दगड फोडले, घडले, रचले. उन्हाळ्यात एका सकाळी थापी हातातून गळून पडली, ती पडलीच. उजवा हात आता मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा असायचा. सदऱ्याची बटणं बायको लावायची. डाव्या हातानं घेतलेला घास अर्धा तोंडात जायचा, अर्धा छातीवर. सून पुढं होऊन पुसायची, तेव्हा तो वर आढ्याकडं बघत राहायचा. मुलगा शहरात इमारतींच्या कामावर होता, वर्षातून दोनदा यायचा. घरात आता दोन बायका आणि ओसरीवर बसलेला हा.

एके दिवशी मास्तर आले. मास्तर शाळेतून निवृत्त झाले होते, पण खडू सुटला तरी आवाज सुटला नव्हता.

"घरटी एक माणूस, रोज अर्धा दिवस," ते अंगणातूनच म्हणाले. "मजुरी नाही, काही नाही. साकव आपला, आपणच उभा करायचा. तुमच्याकडनं सूनबाईला पाठवा."

"आमच्या घरचा मी," गवंडी म्हणाला.

मास्तरांना शब्द कळले नाहीत, पण भाव कळला. "तुम्ही आता आराम करा हो दादा. पुष्कळ केलंत."

"आमच्या घरचा मी."

मास्तर खोकले. "या की, या. तुमच्यासाठी खुर्ची ठेवू आपण सावलीत."

ती खुर्ची गवंड्याला जिव्हारी लागली. तरी दुसऱ्या दिवशी तो गेला, काठी टेकत, उजवा पाय ओढत. सून घमेलं आणि फावडं घेऊन मागून चालत होती. त्याला हात द्यायचा मोह तिनं आवरला.

काठावर तीसेक माणसं जमली होती. पुढारपण सेंट्रिंगवाल्याकडं होतं. हा वस्तीतलाच तरणा गडी, शहरात स्लॅबची कामं करून आलेला, पायांत गमबूट. त्यानं बेत सांगितला. गोण्यांत वाळू-सिमेंट भरायचं, ओढ्याच्या तळावर गोणीवर गोणी रचायची, वर तुळया टेकवायच्या. "चार दिवसांत मोकळे!"

लोकांना चार दिवस आवडले. गवंड्यानं खुर्चीच्या पायावर काठी आपटली. "पाया?"

"काय म्हणतायत काका?"

"पाया कुठाय?"

"पाया कशाला, काका? सिमेंट आहे. पाणी लागलं की दगड होतो त्याचा."

गवंडी बोलायला लागला. तळ, मुरूम, पाण्याचा रेटा, सगळं एकदम तोंडात आलं आणि तोंडातच अडकलं. लाळ हनुवटीवर आली. मागं कुणीतरी फिसकन हसलं. आणि एक बाई, जिला सगळी वस्ती तोफ म्हणायची, कारण तिच्या तोंडाला झाकण नव्हतं, ती सहज म्हणाली, "अहो दादा, पडलेला खांबही तुम्हीच बांधलेला ना? तो का पडला ते सांगा की आधी."

तिच्या मनात काही नव्हतं. पण सगळ्यांच्या माना गवंड्याकडं वळल्या. गवंडी उठला आणि घराकडं निघाला. सून मागं यायला लागली, तर त्यानं काठीनंच तिला परत जायला सांगितलं.

तिन्हीसांजेला बायको दिवा लावायला आली, तेव्हा तो तसाच बसून होता.

"तोफेचं काय मनावर घेता?" ती म्हणाली. "तिला दगडानं उत्तर दिलं तर ती दगडाशीही भांडेल."

"तोफ खरं बोलली."

मग त्यानं सांगितलं. अडखळत, थांबत, एकेक शब्द चघळत. बावीस वर्षांपूर्वी पाया खणताना पंधरा दिवस झाले होते. पाणी थांबत नव्हतं. थंडी अशी की गड्यांच्या पायाची कातडी सोलून निघत होती. पहार मारली की आवाज यायचा 'धप्प.' खाली घट्ट मुरूम होता, खडक नव्हता. सोळाव्या दिवशी तो खड्ड्यातून वर आला आणि म्हणाला, खडक लागला. लोकांनी टाळ्या पिटल्या. त्याला खांद्यावर घेतलं.

"खडक नव्हता लागला," तो म्हणाला. "मी दमलो होतो."

बायकोनं दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाली, "बावीस वर्षं मला नाही सांगितलंत?"

"तुलाच कसं सांगणार?"

ती उठली. कपाटातून इस्त्रीचा सदरा काढला आणि खुंटीवर लावला. "उद्या हा घाला. चार लोकांत बोलायचं तर माणूस नीट दिसायला हवा."

सकाळी गवंडी काठावर उभा राहिला, खुर्चीत बसला नाही. सुनेला म्हणाला, "मी बोलतो. तू मोठ्यानं सांग."

एव्हाना त्याची बोली तिला पाठ झाली होती. त्यानं पहिलं वाक्य म्हटलं आणि ती एकदम थबकली. त्याच्याकडं बघितलं.

"सांग," तो म्हणाला.

"मामंजी म्हणतायत," ती लोकांकडं तोंड करून म्हणाली, "जुना खांब बांधताना खडक लागला नव्हता. मामंजी म्हणतायत... मी खोटं बोललो."

मास्तरांनी टोपी काढून हातात घेतली.

"म्हणजे बावीस वर्षं आम्ही हवेवर चालत होतो?" दूधवाला म्हणाला.

"हवेवर नाही, मुरमावर," लोहार म्हणाला. लोहार गवंड्याच्या बरोबरीचा, लंगोटीयार. तो पुढं आला. "अरे गवंड्या, त्या दिवशी वर दोर धरून कोण उभा होता? मी. थंडीनं माझे दात वाजत होते. तू 'लागला' म्हणालास, तेव्हा 'दाखव' म्हणून मी विचारलं का? मलाही घरी जायचं होतं." तो लोकांकडं वळला. "आता बोला. कुणाला शिव्या द्यायच्या असतील तर निम्म्या मला द्या आणि पहारीला हात लावा."

"खणायचं तर महिना जाईल," सेंट्रिंगवाला म्हणाला.

"जाऊ दे," गवंडी म्हणाला. हे सुनेला सांगावं लागलं नाही. सगळ्यांना कळलं.

दुसऱ्या दिवशी तिसातली अठराच माणसं आली. दूधवाला आला नाही. सेंट्रिंगवालाही आला नाही. मास्तरांचा चेहरा उतरला, पण तोफ आली होती. येताना दोन बहिणींना आणि एका नणंदेला घेऊन आली होती. "मीच तोंड उघडलं ना," ती म्हणाली, "आता मीच चिखल उपसते."

मातीनं भरलेल्या गोण्यांचा बांध घालून त्यांनी प्रवाह एका अंगाला वळवला. पडलेल्या खांबाचे दगड एकेक करून काढले आणि काठावर मांडले. मग खड्डा. एक बादली बाहेर काढावी, तोवर दीड बादली आत झिरपायची. चिखलानं बोटांच्या बेचक्या सोलल्या. तोफेच्या नणंदेचा नखासकट अंगठा चिरडला, तिनं चिंधी बांधली आणि परत खड्ड्यात उतरली. गवंड्यानं खुर्ची सावलीतून उचलून खड्ड्याच्या तोंडाशी ठेवायला लावली. पाय चिखलात सोडून तो बसायचा. घटकाभरानं म्हणायचा, "मार." कुणीतरी पहार मारायचं. धप्प. "खणा."

तिसऱ्या दिवशी पलीकडच्या काठावर खडखडाट झाला. सेंट्रिंगवाला आणि दूधवाला मिळून एक डिझेल पंप बैलगाडीवर घालून आणत होते. सेंट्रिंगवाल्यानं कुणाकडं बघितलं नाही. गमबूट काढून ठेवले, अनवाणी खड्ड्यात उतरला आणि पाइप लावला. "बादल्यांनी काय ओढा आटतो का," एवढंच पुटपुटला.

"अरे, शहाणा झाला," तोफ म्हणाली.

"काकू, तुमचं तोंड या पाइपला जोडलं असतं ना, तर पंप लागलाच नसता."

त्या दिवशी पहिल्यांदा सगळे मनापासून हसले. गवंडीसुद्धा हसला, एका गालानं.

आठव्या दिवशी पहार खाली गेली आणि वाजली. खण्ण! खड्ड्यात सेंट्रिंगवाला होता. तो उडालाच. "लागला! खडक लागला!" वर आरडाओरडा झाला, मास्तरांनी टोपी उडवली.

गवंडी हलला नाही. "चारी कोपऱ्यांत मार."

खण्ण. खण्ण. खण्ण. चौथ्या कोपऱ्यात, धप्प.

"तो धोंडा आहे," गवंडी म्हणाला. "खडक नाही. काढा."

सून हे सांगताना खाली बघत होती. कुणी चिखलाचा गोळा आपटला, कुणी डोक्याला हात लावला. पण उठून कुणी गेलं नाही. लोहारानं घण आणला. तो धोंडा फोडून काढायला आख्खा दिवस गेला, आणि त्याखाली आणखी दीड हात मुरूम निघाला.

दहाव्या दिवशी दुपारी चारही कोपरे वाजले. मधोमध वाजलं. सगळे गवंड्याकडं बघायला लागले. कुणी ओरडलं नाही.

"मला खाली सोडा," तो म्हणाला.

दोराचा झोळा करून त्यांनी त्याला खाली सोडलं. लोहारानं दोर धरला होता. गवंड्यानं गुडघे टेकले आणि डावा तळहात खडकावर ठेवला. थंडगार, खरखरीत, काळा खडक, एका अंगाला किंचित उतरता. त्यानं डाव्या हातात छोटा हातोडा घेतला आणि स्वतः मारला. मग सरकून पुन्हा मारला. सगळ्या तळावर फिरला, रांगत. नंतर मान वर केली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि पुसायला चालणारा हात एकच होता, त्यात हातोडा.

"लागला," तो म्हणाला. इतका स्पष्ट शब्द गेल्या कित्येक महिन्यांत त्याच्या तोंडातून आला नव्हता.

वर जो गलका झाला, तो ऐकून पलीकडच्या रस्त्यावरची मोटार थांबली म्हणतात.

आता बांधकाम. दगडाला दगड बसवणारा वस्तीत दुसरा कुणी नव्हता. सेंट्रिंगवाल्यानं हात वर केले. "मला फळ्या ठोकता येतात काका, दगड नाही."

"ही बांधेल," गवंडी म्हणाला आणि काठी सुनेकडं केली.

सून दचकली. लग्न होऊन आल्यापासून सात वर्षं ती त्याच्या हाताखाली घमेली वाहत होती. चुना, सिमेंट, दगड, पाणी, सगळं तिनं उचललं होतं. थापी मात्र कुणी तिच्या हातात दिली नव्हती, आणि मागायचं तिलाही सुचलं नव्हतं. त्या संध्याकाळी लोहारानं तिच्यासाठी वेगळा हातोडा केला, वजनाला हलका, दांडा बारीक.

पहिले दोन थर बरे गेले. गवंडी काठीनं दगड दाखवायचा, ती उचलून फिरवून बघायची, तो मान हलवायचा. तिसरा थर पूर्ण झाला तशी त्यानं काठी जवळजवळ सगळ्या थरावरून फिरवली.

"काय झालं?"

"सांध्यावर सांधा आलाय. चार ठिकाणी. पाणी तिथनंच शिरेल. काढ."

तिचा अख्खा दिवस त्या थरात गेला होता. तळहात फुटले होते. ती उभी राहिली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुम्हाला खुर्चीत बसून सांगायला काय जातं, मामंजी? हात माझे फुटतायत!"

सासऱ्याला असं कुणी बोलत नाही. बायको घरून पाणी घेऊन आली होती, तिनं तोंडावर हात ठेवला.

गवंडी खुर्चीतून उठला, चिखलात खाली बसला आणि डाव्या हातानं त्या थरातला एक दगड स्वतः उपटून काढला. मग दुसरा. धाप लागली, तरी तिसऱ्याला हात घातला. सून बघत राहिली. मग नाक ओढून ती त्याच्या शेजारी बसली आणि काढायला लागली. थर नव्यानं लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. गवंड्यानं दोरी लावून बघितलं, ओळंबा सोडून बघितला. मग पुढचा दगड दाखवला. त्यानंतर एकही थर काढावा लागला नाही. आठव्या थरापासून काठी उचलायच्या आधीच तिचा हात नेमक्या दगडावर जायला लागला, आणि दोनदा तर त्यानं दाखवलेला दगड बाजूला ठेवून तिनं दुसराच बसवला. तोच बरोबर होता.

खांब उभा राहिला. बैलांच्या सहा जोड्या आणि साठ माणसं यांनी दोर लावून तुळया वर ओढल्या. हो, आता साठ माणसं होती. जी दुसऱ्या दिवशी आली नव्हती ती, आणि पहिल्याही दिवशी नव्हती ती, कधी येऊन मिसळली, कळलंही नाही. फळ्या सेंट्रिंगवाल्यानं ठोकल्या, आणि त्या अशा ठोकल्या की त्यावर पाणी सांडलं तर फटीतून न गळता ओघळत जाईल. सर्वांत आधी पलीकडून नर्सबाई आली, मधोमध थांबली, खाली वाकून बघितलं आणि म्हणाली, "आता पुड्या हातात देते बाई, माझा नेम काही सुधारत नव्हता."

चारच दिवस झाले असतील. वरच्या अंगाला अवेळी पाऊस झाला, तिथल्या तलावाचा सांडवा वाहू लागला आणि दुपारी ओढ्याला लाल पाणी आलं. दोन्ही काठांवर माणसं जमली. पाणी बघता बघता खांबाच्या निम्म्यावर चढलं. आणि वळणावरून एक झाड आलं. मुळांसकट, दोन माणसांच्या कवेत मावणार नाही एवढ्या बुंध्याचं. ते सरळ खांबाच्या रोखानं येत होतं. तोफसुद्धा गप्प होती.

सुनेनं सासूचा हात घट्ट धरला. गवंडी डोळे मिटून उभा होता, मान एका बाजूला कललेली.

धडक बसली. फळ्या थरथरल्या, पाणी वर उसळलं. बुंधा खांबाला टेकून क्षणभर तसाच थांबला, मग मागच्या अंगानं वळला, गोल फिरला आणि खांबाला वळसा घालून निघून गेला.

गवंड्यानं डोळे उघडले. "आवाज घट्ट होता," तो म्हणाला.

मग काय झालं ते सांगणं अवघड आहे. लोहारानं गवंड्याला मिठी मारली, मास्तर नाचले, तोफ रडली. साठ माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. दूधवाला येणाऱ्याजाणाऱ्याला धरून सांगत होता, "तो सहावा थर आहे ना, त्यातला डावीकडचा दगड मी वाहून आणला." प्रत्येकाला आपला आपला दगड माहीत होता. लोकांनी गवंड्याला खांद्यावर घ्यायला हात पुढं केले, तर त्यानं मान हलवली आणि काठीनं सुनेकडं खूण केली. ती लाजून सासूच्या मागं लपली, पण तिघी जणींनी तिला ओढून काढलं आणि उचललंच.

पंधरा दिवसांनी वरच्या गावाहून दोन माणसं साकव ओलांडून आली आणि विचारत विचारत घरापाशी पोचली. त्यांच्या गावच्या विहिरीची भिंत आत ढासळली होती. सगळं गाव हात लावायला तयार होतं, पण रचायचं कसं ते सांगणारं कुणी नव्हतं.

"गवंडी इथंच राहतात ना?" त्यांनी दारात विचारलं.

"इथंच," बायको म्हणाली. "पण कोणता हवाय? घरात दोन आहेत."

माणसं गोंधळून ओसरीवरच्या म्हाताऱ्याकडं बघायला लागली. तेवढ्यात सून हात पुसत बाहेर आली आणि उंबऱ्यातच उभी राहून विचारायला लागली. विहीर किती खोल? पाणी कुठवर आहे? भिंत कुठल्या अंगाची गेली? जुने दगड आत पडलेत की बाहेर काढलेत? माती भुसभुशीत आहे की चिकण? माणसं किती येतील, आणि किती दिवस?

माणसं उत्तरं देत गेली, आधी त्याच्याकडं बघून, मग तिच्याकडं बघून. गवंडी नुसता ऐकत होता. बोलण्यासारखं तिनं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.